आईच्या बाजूचा सांधा

आमच्या घरात मोटार येण्याला सगळ्यात मोठा विरोध होता तो आमच्याच घरातल्या कागदांचा. माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या होत्या आणि त्यांत वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, लिहिलेली पंधरा-वीस वर्षांची पत्रकं. इतर मुलं अंकलिपीवरून वाचायला शिकली, मी ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’वरून शिकले. त्या पेट्यांत एक पत्रक खास एका मोटारीवर होतं. वडील ज्या कारखान्यात फिटर होते, तिथल्या मॅनेजरची काळी विलायती गाडी शेडमध्ये उभी असायची आणि शेडबाहेर माणसं उन्हात बसून डबे खायची. अण्णांनी मथळा दिला होता, ‘मोटार सावलीत, माणूस उन्हात’. मला तो आठव्या वर्षी पाठ होता. पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखवायचे.

पुढे तो मॅनेजर गेला. गाडी त्याच शेडमध्ये दहा वर्षं गंजत पडली. ऐंशी साल उलटून गेल्यावर ती एकदाची भंगारात निघाली आणि अण्णांनी घेतली.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, एम. ए. संपवून बसले होते आणि आता घरातली पत्रकं मीच लिहीत होते. त्यामुळे जाब विचारणं माझं कामच होतं.

“अण्णा, ही तीच ना?”

“तीच.”

“मग पत्रकाचं काय?”

“पत्रकात काय चुकलंय? माणूस सावलीत आला पाहिजे, असंच लिहिलं होतं. तुझी आई बसणार आहे.”

आईचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. तिला डिझेलचा वास सहन व्हायचा नाही. एस. टी. स्टँडवर पाय ठेवला की तिचा चेहरा उतरायचा आणि गाडी सुरू झाली की संपलंच. तिचं माहेर चांदवडच्या अलीकडे, आग्रा रोडपासून थोडं आत. तिथे तिची थोरली बहीण होती. मावशी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली तेव्हापासून तिच्या कमरेनं दगा दिला होता. काठी धरून अंगणापर्यंत यायची, पुढे नाही. म्हणजे भेटायचं तर आईनंच जायला हवं. पाच वर्षांत ती एकदाच निघाली, ओझरला उतरली आणि परत आली ती बैलगाडीनं, तीही दोन बदलून. त्यानंतर दोघी बहिणी पोस्टकार्डांवर होत्या. मावशीला लिहिता येत नसे. ती शेजारच्या पोराकडून लिहून घ्यायची आणि प्रत्येक कार्डाचा शेवट तोच असायचा: ‘मी मेल्यावर येशील तर बैलगाडीनं ये.’

आई कार्ड वाचून हसायची, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ काहीतरी घासत बसायची.

गंमत अशी की आमच्या घरात पत्रकं काढायच्या सायक्लोस्टाइल यंत्राच्या शाईचा वास वीस वर्षं भरून राहिला होता आणि त्याबद्दल आईनं कधी तक्रार केली नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “तो वास सवयीचा झाला. नवऱ्याचा म्हणून.”

तर ही मोटार आईच्या नाकासाठी होती. पेट्रोलवर चालणारी, आणि इंजिनाचा वास आत येऊ न देणारी. पहिली गोष्ट गाडीत होतीच. दुसरी अजिबात नव्हती.

अण्णांनी इंजिन स्वतः उतरवलं आणि गाडी ढकलत-ओढत नाशकातल्या द्वारका चौकापाशी नेली. चौकाच्या मागे गॅरेजांची रांग होती, तिच्या टोकाला एका म्हाताऱ्या डेंटर-पेंटरची शेड होती. सगळे त्याला चाचा म्हणत. चाचांनी बॉनेट उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला आणि कोपऱ्याकोपऱ्यात डोकावून पाहिलं.

बॉनेटखाली इंजिन बसायची जी जागा असते ती मला तोवर एक खड्डा वाटायची. ती एकसंध नसते. दोन बाजूंचे पत्रे, मागचा उभा पत्रा, खालच्या पट्ट्या, असे आठ-दहा तुकडे एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्यामधले सांधे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवलेले असतात. मागच्या उभ्या पत्र्याच्या एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याचे पाय. आमच्या गाडीतली जुनी लांबी वाळून बिस्किटासारखी झाली होती. चाचांनी नखानं टोकरलं तर सबंध पापुद्रा खाली पडला आणि सांध्यातून पलीकडचं सीट दिसलं.

“इतना रास्ता आहे आत जायला,” चाचा म्हणाले. “वास काय, मांजर जाईल.”

अण्णांची कारखान्यात पाळी असायची, म्हणून चाचांच्या हाताखाली मी जायचं ठरलं. मी आनंदानं गेले. श्रमांवर इतकं लिहायचं आणि हाताला कधी ग्रीस लागू द्यायचं नाही, हे मला खुपत होतंच. जाताना पिशवीत वही घेतली होती. चाचांनी वही बघितली.

“यात काय लिहिणार?”

“तुमच्या कामाची परिस्थिती.”

“लिही. पहिली परिस्थिती, पोरगी दहा वाजता आली. काम आठला सुरू होतं.”

पहिले चार दिवस मी फक्त खरवडत होते. तारेचा ब्रश, पत्र्याचा तुकडा, रॉकेलचं फडकं. गंज निघाला, त्यावर लाल प्रायमर बसला. मग चाचांनी लांबी मळायला घेतली. सफेदा, खडूची भुकटी, उकळलेलं जवसाचं तेल, आणि शेवटी बाटलीतून जपून एक धार.

“हे काय?”

“एरंडेल. लांबी नरम राहते. इंजिन हलतं, पत्रा तापतो, सांधा कडक झाला की तडकतो.” गोळा माझ्या हातात देत ते म्हणाले, “बापाच्या भाषणातपण दोन थेंब टाकत जा.”

काम असं होतं: लांबीची वळी करायची, सांध्यावर बसवायची, मग ओल्या बोटानं घोटत न्यायची, वाळल्यावर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा पातळ थर, पुन्हा घोटायचं. पार गुळगुळीत होईपर्यंत. तासाभरात दोन वीत सांधा. मी हे एक दिवस केलं आणि माझ्यातली पत्रकवाली जागी झाली.

“चाचा, हे दिसणार कुणाला?”

“कुणालाच नाही. वर झाकण येणार.”

“मग गुळगुळीत कशाला? भरलं की झालं ना? जे कुणी बघणार नाही ते चकचकीत करायला माणसाचे तास घालवायचे, हा नुसता नटवेपणा आहे. आणि उलट मी म्हणते, सांधा दिसू दे की. माणसानं जोडलंय ते माणसाला कळू दे. सगळ्या खुणा पुसून टाकायच्या आणि मग गाडी जणू आभाळातून पडली असं दाखवायचं, हे मालकांचं सौंदर्यशास्त्र आहे.”

मी खरोखरच ‘सौंदर्यशास्त्र’ म्हणाले. चाचा बिडी ओढत ऐकत राहिले. शेजारच्या गॅरेजमधले दोघं कामं थांबवून आले होते.

“झालं?” चाचांनी विचारलं.

“झालं.”

“ठीक. उजवी बाजू माझी, डावी तुझी. मी माझ्या पद्धतीनं करतो, तू तुझ्या.”

डावी बाजू मिळाली याचा मला उगाच अभिमान वाटला. संध्याकाळी अण्णांना सांगितलं तर तेही खूश झाले. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही की चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे आई डावीकडे बसणार.

माझी बाजू दीड दिवसात झाली. लांबीच्या वळ्या सांध्यांवर टोपणासारख्या बसवल्या, वरून थोडं थापटलं, आणि उरलेल्या वेळात एक पत्रक लिहून काढलं. चाचांची बाजू पाच दिवस चालली. लांबी सुकल्यावर त्यांनी बॉनेटखाली एक दिवा लावला, सीटवर घोंगडी पांघरून बसले आणि उजेड कुठून येतो का ते पाहिलं. कुठूनच आला नाही. माझ्या बाजूनंही नाही. मी शेजारच्या गॅरेजकडे बघितलं.

“उजेड सरळ जातो,” चाचा घोंगडीतून म्हणाले. “वास वळतो. तुझ्या आईला घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी मला छापखान्यात जायचं होतं. आमच्या मंडळाचं अंधश्रद्धेवरचं पत्रक तयार होत होतं, मजकूर माझाच. लिंबू, बिबा, काळी बाहुली, नवी गाडी घेतल्यावर तिच्यासमोर नारळ फोडणारे, सगळ्यांचा समाचार घेतला होता. ओल्या शाईचा गठ्ठा काखेत मारून मी दुपारी द्वारकेला पोचले, तर शेडमध्ये काय दिसलं?

आई गाडीत डाव्या सीटवर बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, काचा बंद करून. अण्णा बॉनेटपाशी खाली मान घालून उभे होते. आणि चाचा लोखंडी घमेल्यात निखारे घेऊन गाडीला वळसा घालत येत होते, दुसऱ्या हातात मूठभर लाल सुक्या मिरच्या.

माझ्या अंगाचा भडका उडाला. आमच्या घरात! ज्या घरानं देव माळ्यावरही ठेवले नाहीत, त्या घरातली माणसं मोटारीची दृष्ट काढत होती. मी पाण्याची बादली उचलली आणि सगळी घमेल्यावर ओतली. फस्स झालं. राखेचा लोट उठला आणि चाचांची दाढी पांढरीची करडी झाली.

“लाज वाटत नाही?” मी अण्णांना म्हणाले. “आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलंत. आज बायकोला गाडीत बसवून मिरच्या ओवाळताय?”

पुढे बरंच बोलले. गठ्ठ्यातलं वरचं पत्रक काढून त्यातला उताराही वाचला. चांगला होता उतारा. मग गाडीची काच हळूहळू खाली गेली आणि आईनं डोकं बाहेर काढलं.

“झालं का वाचून? अगं, मिरच्या बॉनेटखाली ठेवायच्या आहेत. मला आत ठसका लागतो का ते बघायचंय.”

“उदबत्ती लावणार होतो,” चाचा दाढी झटकत म्हणाले. “तुझी आई नको म्हणाली.”

“उदबत्तीचा वास मला आवडतो,” आई म्हणाली. “आला तरी मी सांगितलं नसतं.”

अण्णांची मान अजून खालीच होती. आता कळलं की ते गाडीच्या खालून येणारी हवा अडवायला ओली गोणपाटं लावत होते. खांदे हलत होते. हसत होते.

निखारे पुन्हा पेटवायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून काढला. मग घमेलं बॉनेटखाली सरकवलं, मिरच्या टाकल्या, झाकण लावलं. आम्ही काचेतून आईकडे बघत राहिलो. ती शांत बसली होती, पिशवीतली मेथी निवडत. मेथीची एक काडी तिच्या हातात थांबली. तिनं नाक वर केलं. मग डावा पाय जवळ ओढला आणि खोकायला लागली ती थांबेचना. अण्णांनी धावत दार उघडलं.

“कुठून?” चाचांनी विचारलं.

आईनं डोळे पुसत बोट दाखवलं. डावीकडे. माझ्या सांध्याकडे.

मला वाटलं, आता चाचा भाषण करतील. त्यांचा हक्कच होता. त्यांनी फक्त माझी एक वळी पात्यानं उचलली. ती सबंध, न तुटता वर आली. खाली सांधा जसाच्या तसा उघडा होता. माझी लांबी त्याच्यावर नुसती निजली होती, आत गेलीच नव्हती.

“घोटणं म्हणजे सजवणं नाही बेटी,” ते म्हणाले. “घोटणं म्हणजे आत दाबणं. गुळगुळीत ते आपोआप होतं.”

आई तोंडावर पाणी मारून आली आणि वाकून आत बघायला लागली. मग म्हणाली, “हे तर कणगी लिंपण्यासारखं आहे.”

माहेरी तिनं आणि मावशीनं धान्याच्या कणग्या शेणामातीनं लिंपलेल्या. तट्ट्याच्या, म्हणजे बांबूच्या विणीच्या, फटीत आधी माती कोंबायची, मग वरून हात फिरवायचा. नुसतं वरून फासलं तर पावसाळ्यात पोरकिडे आत जातात. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. बायकांच्या श्रमांवर माझी दोन पत्रकं निघाली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज टांग्यानं द्वारकेला यायला लागली. घोड्याचा वास तिला चालायचा. मी माझी सगळी डावी बाजू खरवडून काढली आणि दोघी मिळून पुन्हा भरली. आईचा अंगठा सांध्यात रुतायचा, लांबी आत जायची, वर येणारा कड ती ओल्या बोटानं ओढून घ्यायची. मी तिच्या मागून पॉलिश पेपर घेऊन. चाचा मधून मधून येऊन बोट फिरवून जायचे.

“तुम्ही आधी का नाही आलात?” त्यांनी आईला विचारलं.

“मला कुणी डावी-उजवी विचारलीच नाही,” आई म्हणाली.

डाव्या कोपऱ्यातला शेवटचा सांधा संपला तिथे आईच्या अंगठ्याची एक छोटी वळलेली खूण राहिली होती, शिंपल्यासारखी. चाचा पेपर घेऊन ती उतरवायला निघाले.

“ही राहू दे,” मी म्हणाले.

“गुळगुळीत नाही ती.”

“पण आत दाबलेली आहे ना?”

चाचांनी बोट फिरवलं, नखानं दाबून पाहिलं. “आहे.”

“मग राहू दे. मी म्हणत होते ना, माणसानं जोडलंय ते कळू दे.”

“तू अजून हरली नाहीस,” चाचा म्हणाले आणि पेपर खिशात घातला. त्यावरून रंग बसला, खूण तशीच राहिली.

दुसऱ्या वेळी मिरच्या लावल्या तेव्हा मी स्वतः घमेलं धरलं होतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बॉनेटच्या कडेनं धूर गळून आम्ही बाहेर तिघंही खोकत होतो, शेजारच्या गॅरेजवाल्यांनी शिव्या देऊन झाल्या होत्या. आईनं काच खाली केली.

“अहो, लावल्या का मिरच्या?”

इंजिन परत बसलं आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. अण्णा कारखान्याचा टेम्पो चालवून तयार झालेले; त्यामुळे गाडीही ते टेम्पोसारखीच चालवत होते, स्टिअरिंग छातीशी धरून. मी मागे. आईनं पिशवीत लिंबू, ओवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुंठ घेतली होती. मांडीवर कागदांची जाड घडी पसरली होती. मी वाकून पाहिलं. माझं अंधश्रद्धेचं पत्रक.

“आई!”

“उरलेत ना पुष्कळ? उलटी झाली तर असावेत. कागद जाड आहे.”

आडगाव गेलं. ओझर आलं. ओझरला अण्णांनी गाडी हळू केली, आई जिथे उतरली होती त्या झाडाजवळ.

“वास येतोय?”

“नाही.”

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. “येतोय?”

“नाही हो.”

पिंपळगावला कांद्याचे ट्रक काळा धूर सोडत ओळीनं उभे होते. आईनं काच वर केली आणि पदर नाकाशी नेला. अण्णांनी श्वास रोखला, मीही. ट्रक मागे पडले. आईनं पदर खाली घेतला.

“येतोय?”

“तुमच्या विचारण्याचा येतोय तेवढा,” आई म्हणाली आणि पत्रकांची घडी उचलून मागे माझ्या हातात दिली. “ठेव. वाटून टाक.”

मावशी काठी धरून अंगणाच्या कडेला उभी होती. पोस्टकार्ड गेलं होतं, पण तिचा विश्वास नव्हता. आई उतरली तशी मावशीनं तिला जवळ घेतलं नाही, आधी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“वकली का गं?”

“नाय. एकदाबी नाय,” आई म्हणाली. नाशकात बोलायची ती भाषा गाडीतच राहिली होती. “लय मजेत आले.”

मग दोघी रडल्या. अण्णा उगाच टायर तपासत राहिले.

रडून झाल्यावर मावशीला बघायचं होतं की असं काय केलं. अण्णांनी बॉनेट उघडलं. ती काठीवर रेलून आत वाकली. इंजिनाकडे तिनं पाहिलंही नाही. आईनं बोटानं दाखवलेल्या सांध्यावरून तिचं बोट सरकत गेलं, डाव्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे थांबलं.

“आगं, ही तर तुझी खोड हाय! शेवटाला अंगठा वळवायची अजून सोडली नाय? आई किती वरडायची, कणगीचं त्वांड वाकडं दिसतं म्हनून.”

“मी वकले नाय ते सांगतेय, अन् तू अंगठा बघ.”

“वाकडं ते वाकडंच,” मावशी म्हणाली. पण आपला अंगठा तिनं त्या खुणेत बसवून पाहिला, आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, “दाजी, मला बसवा. गावातून एक चक्कर मारा.”

तिला आईच्या जागेवर बसवायला दोघं लागले. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. गाडी सुरू झाली, अंगणातून वळली आणि मागे निळसर धुराचा एक लोट आमच्या दोघींच्या अंगावर सोडून रस्त्याला लागली.

आईनं झटकन पदर नाकाला लावला आणि चार पावलं मागे सरली.

“शी! कसला घाण वास आहे गं हिचा,” ती म्हणाली.